मारा साहेब, १९७९ मध्ये तुमच्या वडिलांनी जे केलं ते आता तुम्ही करा

श्री. जॉन मारा आणि श्री. स्टीव्ह टिश, मालक
न्यू यॉर्क जायन्ट्स, ईस्ट रदरफोर्ड, न्यू जर्सी
जानेवारी २०२५

मारा साहेब, टिश साहेब,

रविवारी ५ तारखेला फिलाडेल्फियात २०-१३ हरून आपल्या जायन्ट्सचा अमेरिकन फुटबॉलचा सीझन एकदाचा संपला, १७ मॅचेस, ३ जिंकल्या, १४ हरल्या, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही जाहीर करून टाकलंत की जनरल मॅनेजर जो शेन आणि हेड कोच ब्रायन डेबॉल दोघंही पुढच्या वर्षी राहणार. तुमचा पेशन्स संपत आलाय असंही तुम्ही म्हणालात. आमचा कधीच संपलाय साहेब, पण म्हणून हे पत्र शिव्या घालायला लिहिलेलं नाही, मला एक ठोस गोष्ट मागायची आहे आणि ती का मागतोय ते नीट सांगायचंय.

आम्ही इथेच न्यू जर्सीत एडिसनमध्ये राहतो. इथले माझ्यासारखे बहुतेक मराठी लोक क्रिकेट डोक्यात घेऊन या देशात आले, फुटबॉलचा फ पण माहीत नव्हता, आणि मग फेब्रुवारी २००८ मध्ये त्या १८ पैकी १८ जिंकून आलेल्या पेट्रियट्सना आपण सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, १७-१४ हरवलं, आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, एलाय मॅनिंग तावडीतून निसटला आणि डेव्हिड टायरीने हेल्मेटला बॉल दाबून धरला, ते बघून कितीतरी घरं कायमची जायन्ट्सची झाली. त्यात आमचं घर पण आलं. २०१२ मध्ये परत त्याच पेट्रियट्सना २१-१७. आम्हाला वाटलं हे असंच चालणार. त्यानंतर आजपर्यंत प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, फक्त दोनदा, २०१६ आणि २०२२. २०१० मध्ये आपलं मेटलाइफ स्टेडियम उघडलं तेव्हा लोकांनी सीझन तिकिटाच्या वर नुसत्या सीटच्या हक्कासाठी १००० पासून २०००० डॉलरपर्यंत मोजले होते, आणि त्या स्टेडियममध्ये १५ सीझनमध्ये जायन्ट्सची प्लेऑफची मॅच झाली किती तर एक, जानेवारी २०१२ मध्ये अटलांटाबरोबर. एकच! माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली, मनापासून जायन्ट्सची फॅन आहे, आणि तिने तिच्या आयुष्यात या टीमला चॅम्पियन झालेलं पाहिलेलं नाही.

तर या वर्षाबद्दल. हा आपला शंभरावा सीझन होता. १९२५ मध्ये तुमच्या आजोबांनी, टिम मारांनी, ५०० डॉलरला ही टीम घेतली, आणि शंभरीच्या निमित्ताने ८ सप्टेंबरला पहिल्याच मॅचला खास लाल ड्रेस, जुने खेळाडू, सगळा थाट होता. मिनेसोटाने २८-६ ने धुतलं. त्यांचा क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड, म्हणजे शेजारच्या जेट्सने काही वर्षांपूर्वी नको म्हणून सोडून दिलेला मुलगा. शंभरीचा ड्रेस घालून आपली पोरं बूइंग ऐकत आत गेली.

पण माझ्या मते या टीमचं काय चुकतंय ते बघायचं असेल तर दुसरी मॅच बघा, वॉशिंग्टनची, आणि ती जरा सविस्तर सांगतो कारण सगळं त्यात आहे. आपला किकर, म्हणजे बॉलला लाथ मारून पॉइंट मिळवणारा, ग्रॅहम गॅनो मॅचच्या आधीच जांघेच्या दुखण्यामुळे इंजुरी रिपोर्टवर होता. प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे राखीव खेळाडूंत, दुसरा किकर बसलेला होता, त्याला त्या दिवसापुरता वर घेता आला असता, नियमात बसतं, घेतला नाही. मॅचच्या पहिल्याच किकऑफला गॅनो रिटर्न करणाऱ्याच्या मागे पळाला आणि त्याचा हॅमस्ट्रिंग गेला. झालं, किकर नाही. पहिल्या टचडाऊननंतर (बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपार नेला की सहा पॉइंट) पंटरने, म्हणजे बॉल लांब टोलवणाऱ्याने, एक्स्ट्रा पॉइंटची किक मारून बघितली, हुकली. मग पुढच्या दोन टचडाऊननंतर एका पॉइंटऐवजी दोन पॉइंटचा प्रयत्न करावा लागला, दोन्ही फसले. तीन टचडाऊन केले साहेब, आणि पॉइंट झाले १८. वॉशिंग्टनला आपल्या डिफेन्सने पूर्ण मॅचमध्ये एकही टचडाऊन करू दिला नाही, त्यांनी नुसते फील्ड गोल, म्हणजे तीन-तीन पॉइंटच्या किक, मारले, सात, आणि सात त्रिक एकवीस. १८-१८ असताना शेवटच्या काही मिनिटांत आपण त्यांच्या २२ यार्डावर उभे होतो, चौथा डाऊन म्हणजे शेवटचा प्रयत्न, कुठलाही धड किकर असता तर तीन पॉइंट घेऊन पुढे गेलो असतो, पण किकरच नाही म्हटल्यावर पास टाकायला लागला, मलिक नेबर्सच्या हातातून तो सुटला, आणि तिथून वॉशिंग्टनने बॉल नेऊन शेवटच्या सेकंदाला सातवा फील्ड गोल मारला. तीन टचडाऊन करायचे, समोरच्याला एकही करू द्यायचा नाही आणि तरी ठरलेल्या वेळेत मॅच हरायची, हे एनएफएलच्या इतिहासात आधी कोणाच्या बाबतीत घडलं नव्हतं.

लोकांनी नेबर्सला धारेवर धरलं. त्या पोराने त्या दिवशी १० कॅच घेतले होते, १२७ यार्ड, करिअरची दुसरी मॅच. पोराचा काय दोष? दुखरा किकर समोर दिसत असताना दुसऱ्याला तयार ठेवायचं कोणालाच सुचलं नाही, आणि हे आदल्या दिवशी विचारणारं त्यांच्या वर कोणी नव्हतं, हा खरा प्रश्न आहे. कोच आणि मॅनेजरने ठरवलं की ठरलं. त्यांच्या वर थेट तुम्ही दोघं, आणि तुम्ही मालक आहात, फुटबॉलचे जाणकार म्हणून त्या खुर्चीत बसलेले नाही आहात.

सेक्वॉन बार्कलीचं, बॉल घेऊन पळणाऱ्या आपल्या रनिंग बॅकचं, पण तेच. हा विषय आता बार्कलीच्या नावाने रडून रडून गुळगुळीत झालाय हे माहीत आहे मला, पण मी जरा वेगळं म्हणतोय. तुमच्याच टीमच्या ऑफ-सीझनवर जी टीव्ही मालिका आली त्यात आम्ही सगळ्यांनी बघितलं, तुम्ही शेनना म्हणालात की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण होईल. शेनचं म्हणणं काय होतं तर रनिंग बॅकवर एवढे पैसे घालण्यापेक्षा इतर जागा भराव्यात. आता एक तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे, निम्मी लीग तसंच वागते, आणि मी शेनना त्यासाठी मूर्ख म्हणणार नाही. पण मग त्यांना पुढचा प्रश्न कोणी विचारायचा? मार्च २०२३ मध्ये क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला ४ वर्षांचे १६ कोटी डॉलर दिलेत आणि बार्कलीला टॅग लावून एका वर्षावर ठेवलंत, त्याच २०२३ च्या सीझनमध्ये आपल्या क्वार्टरबॅकला ८५ वेळा पाडलं, ८५ सॅक, लीगच्या इतिहासातला दुसऱ्या नंबरचा वाईट आकडा. म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनची भिंत नाही, क्वार्टरबॅकवर ठाम विश्वास नाही, आणि यांच्यातला जो एकटा माणूस बॉल घेऊन काहीतरी घडवू शकतो तोच जाऊ द्यायचा, तर ऑफेन्स चालणार कोणाच्या जिवावर? मालकाची झोप हा प्रश्न होऊ शकत नाही, हा प्रश्न होता. जिथे तो जाईल तिथे त्याच्यासमोर कशी लाइन असेल हाही प्रश्न होता. हे प्रश्न ज्याला विचारता येतात आणि मॅनेजरला ज्याला उत्तर द्यावंच लागतं असा माणूस तुमच्या बिल्डिंगमध्ये नाही.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २० ऑक्टोबरला बार्कली फिलाडेल्फियाचा हिरवा ड्रेस घालून मेटलाइफला आला, १७ वेळा बॉल घेतला, १७६ यार्ड पळाला, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याला बाकावर बसवून ठेवलं कारण गरजच उरली नव्हती. २८-३. सीझनअखेर त्याचे २००५ यार्ड झाले, एरिक डिकरसनचा १९८४ चा २१०५ चा रेकॉर्ड मोडायला १०१ यार्ड हवे होते, आणि शेवटची मॅच होती नेमकी आपल्याशी, तर त्यांनी त्याला विश्रांती दिली. माझ्या मुलीच्या कपाटात २६ नंबरची निळी जर्सी आहे. ती घालत नाही आणि टाकूही देत नाही. एडिसन, पर्सिपनी, प्लेन्सबरो, कुठल्याही मराठी घरात जिथे जायन्ट्स बघतात तिथे ही जर्सी अशीच पडून आहे, हे मी खात्रीने सांगतो.

डॅनियल जोन्सबद्दल दोनच वाक्यं. तो कमी पडला हे खरं, पण सहा वर्षं मार खात, तोंडातून तक्रारीचा शब्द न काढता खेळलेल्या माणसाला म्युनिकची मॅच खेळून आल्यावर एकदम क्वार्टरबॅकमध्ये चौथ्या नंबरवर ढकलणं आणि मग आठवड्याच्या आत त्यानेच सोडा म्हटल्यावर सोडणं, हे बरं दिसलं नाही. २०१७ मध्ये एलायला बसवताना असाच घोळ झाला होता आणि त्यानंतर कोच आणि मॅनेजर दोघांनाही जावं लागलं होतं, म्हणजे सात वर्षांत आपण त्यातून काही शिकलो नाही.

म्युनिक तर सोडाच. कॅरोलायनासारख्या, आपल्यासारख्याच दोन मॅच जिंकलेल्या टीमशी ओव्हरटाइममध्ये २०-१७ हरलो, तिकडून आल्यावर टँपा ३०-७, न्यू ऑर्लिन्सशी शेवटचा फील्ड गोल ब्लॉक होऊन १४-११, बाल्टिमोर ३५-१४, अटलांटा ३४-७. ओळीने १० मॅच हरलो, शंभर वर्षांत एवढ्या सलग कधी हरलो नव्हतो. डिसेंबरमध्ये कोणीतरी पैसे गोळा करून तुमच्या नावाचा बॅनर लावलेलं विमान स्टेडियमवरून फिरवलं.

आता या विमानावरच मला यायचं होतं. कारण असं विमान आपल्या डोक्यावरून आधी पण गेलंय, १० डिसेंबर १९७८ ला. त्याच्या तीन आठवडे आधी, १९ नोव्हेंबरला, फिलाडेल्फियाच्या ईगल्सविरुद्ध १७-१२ ने पुढे असताना, अर्ध्या मिनिटाचा खेळ उरलेला, नुसतं गुडघा टेकून बसलं तरी मॅच खिशात होती, तर आपल्या कोचिंग स्टाफने हँडऑफ करायला, म्हणजे बॉल दुसऱ्याच्या हातात द्यायला, लावला, बॉल निसटला आणि हर्मन एडवर्ड्सने तो उचलून टचडाऊन केला. १९-१७. लोकांनी पार्किंग लॉटमध्ये तिकिटं जाळली. विमानाच्या बॅनरवर १५ वर्षांच्या भिकार फुटबॉलचा हिशोब होता, आणि तो बरोबर होता, १९६३ नंतर प्लेऑफच नव्हते.

मारा साहेब, तुम्ही तेव्हा २४ वर्षांचे होतात, हे सगळं तुम्ही घरात बसून पाहिलंय, मी काय सांगणार. तुमचे वडील वेलिंग्टन आणि तुमचे चुलत भाऊ टिम, दोघांची निम्मी-निम्मी मालकी आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, मॅनेजर कोण यावर एकमत होईना, शेवटी लीगचे कमिशनर पीट रोझेल मध्ये पडले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये जॉर्ज यंग आले. बाल्टिमोरमध्ये शाळेत शिकवलेला माणूस, मायामीत खेळाडू निवडायचं काम केलेला. मारा घराण्याशी काही नातं नाही. तुमच्या वडिलांचा जन्मच या टीममध्ये गेला होता, फुटबॉल त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल, तरीसुद्धा त्यांनी फुटबॉलचे सगळे निर्णय यंगच्या हाती दिले आणि स्वतः मागे सरले. ही गोष्ट किती अवघड असते, आपण वाढवलेलं घर दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे मला समजतं, आणि म्हणूनच वेलिंग्टन मारांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो सुपर बोलच्या ट्रॉफीपेक्षा या गोष्टीसाठी जास्त आहे.

यंगने पहिल्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू निवडण्यात, मोरहेड स्टेट नावाच्या छोट्याशा कॉलेजचा क्वार्टरबॅक फिल सिम्स घेतला, लोकांनी बू केलं. १९८१ मध्ये लॉरेन्स टेलर. १९८३ मध्ये बिल पार्सेल्सला कोच केलं, पहिल्याच वर्षी ३ जिंकल्या, १२ हरल्या, १ बरोबरीत. आणि इथे कोणीतरी मला म्हणणारच, की बघा, पार्सेल्सला पण ठेवलंच ना, मग डेबॉलला ठेवलं तर काय बिघडलं? बरोबर प्रश्न आहे. फरक हा की पार्सेल्सला ठेवायचा निर्णय यंगने घेतला, आधी दुसऱ्या माणसाची चाचपणी करून, सगळं तोलून मापून, आणि तीन वर्षांत १९८६ चा सुपर बोल जिंकला, मग १९९० चा. डेबॉलचा आलेख उलटा चाललाय, २०२२ मध्ये ९-७-१ आणि कोच ऑफ द इयर, मग ६-११, मग ३-१४. तरी मी म्हणत नाही की त्याला काढायलाच हवं! काढून काय होतं ते आपण पाहिलंय, कोच मॅकडू गेले, शर्मर गेले, जज गेले, मॅनेजर रीस गेले, गेटलमन गेले, दर दोन-तीन वर्षांनी नवीन माणूस, नवीन भाषण, आणि ये रे माझ्या मागल्या. त्याच स्टेडियममध्ये खेळणाऱ्या जेट्सने या सीझनमध्ये कोच ऑक्टोबरमध्ये काढला, मॅनेजर नोव्हेंबरमध्ये काढला, ५-१२ झाले. माझं म्हणणं एवढंच की ठेवायचं का काढायचं हे ठरवणारा माणूस दुसरा पाहिजे.

तुम्ही म्हणाल शेन बाहेरूनच आणला होता, बफेलोहून. खरंय. पण शेनच्या वर कोण आहे? आणि खेळाडू निवडणाऱ्या खात्यात आजही तुमच्या घरची माणसं आहेत. ती हुशार असतील, कष्टाळू असतील, माझा त्यांच्यावर वैयक्तिक रोष नाही, पण मालकाच्या भावासमोर किंवा भाच्यासमोर बसून एखादा स्काऊट मोकळेपणाने सांगेल का की हा खेळाडू आपण चुकीचा निवडला? कुठल्याही ऑफिसमध्ये काम केलेल्या माणसाला याचं उत्तर माहीत आहे.

आणि हे आत्ताच व्हायला हवं याचं कारण एप्रिल. आपला ड्राफ्टमध्ये तिसरा नंबर आहे आणि क्वार्टरबॅक नाही. ज्या मॅनेजरला आणि ज्या कोचला पुढच्या सीझनला जिंकलं नाही तर घरी जायचंय हे माहीत आहे, त्यांच्याच हातात आपण पुढच्या दहा वर्षांचा क्वार्टरबॅक निवडायचं काम देतोय. ती दोघं वाईट माणसं आहेत असं नाही, पण नोकरी टांगणीला लागलेली असताना माणूस सप्टेंबरचा विचार करतो, २०२८ चा करत नाही, मी असतो तर मीही केला नसता. पुढच्या वर्षांचे ड्राफ्टमधले नंबर देऊन वर उडी मारायची, नाहीतर तेवढ्यापुरता एखादा म्हातारा क्वार्टरबॅक आणून सात-आठ मॅच जिंकून वेळ मारून न्यायची, दोन्हीची किंमत त्यांच्या जागी येणाऱ्याने आणि आम्ही मोजायची.

तिसऱ्या नंबरवरून आठवलं. २९ डिसेंबरला आपण इंडियानापोलिसला ४५-३३ हरवलं, घरच्या मैदानावरच्या ९ मॅचपैकी जिंकलेली एकमेव मॅच. ड्रू लॉकने चार टचडाऊन पास टाकले, एक स्वतः पळून केला, नेबर्सचे १७१ यार्ड, स्मिथ-मार्सेटने किकऑफ १०० यार्ड परत आणला, इतकं सुंदर फुटबॉल आम्ही या वर्षी पाहिलंच नव्हतं. आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे हळहळत होते. कारण जास्त हरणारा आधी निवडतो, आणि त्या विजयामुळे ड्राफ्टचा पहिला नंबर हातातून गेला. दोन महिने हरताना बघून चिडलेली माणसं जिंकल्यावर दुःखी झाली! मुलगी मात्र सोफ्यावर उभी राहून ओरडत होती, आणि ग्रुपवरच्या एकाने तिचा व्हिडिओ बघून लिहिलं की तिला सांगा आपलं नुकसान झालंय. मी नाही सांगितलं. त्या दिवशी मैदानावरच्या ज्या पोरांनी अकरा-बारा आठवडे मार खाऊनही जीव तोडून खेळ केला त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. नेबर्सने पहिल्या वर्षात १०९ कॅच घेतले, डेक्स्टर लॉरेन्स कोपर निखळेपर्यंत खेळत होता, ९ सॅक केले, लेफ्ट टॅकल अँड्र्यू थॉमस ऑक्टोबरमध्येच पायाला लागून बाहेर गेला आणि त्यानंतर लाइन जी कोलमडली ती कोलमडलीच. खेळाडूंबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याच टीमच्या विजयाची भीती वाटायला लागावी या अवस्थेला फॅन्सना कोणी आणलं, तर ते वर बसलेल्यांनी.

म्हणून मागणी सांगतो. मालक आणि जनरल मॅनेजर यांच्या मध्ये एक माणूस नेमा, फुटबॉलमध्ये आयुष्य गेलेला, दोन्ही घराण्यांशी काही संबंध नसलेला, प्रेसिडेंट म्हणा, काहीही म्हणा. शेन आणि डेबॉल त्याला रिपोर्ट करतील, तुमच्या घरातली फुटबॉल खात्यातली माणसंसुद्धा त्यालाच रिपोर्ट करतील, आणि कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, कोणाला किती पैसे द्यायचे हे तो ठरवेल. पैसे तुमचे, टीम तुमची, ते कोणी नाकारत नाही. टिश साहेब, तुमच्या वडिलांनी १९९१ मध्ये निम्मी टीम घेतली तेव्हा फुटबॉलची सूत्रं यंगकडेच होती आणि ती तशीच राहू दिली गेली, तेव्हा तुम्हालाही हे नवीन नाही.

त्याला पाच वर्षं द्या. त्यात एखादं वर्ष ४-१३ गेलं तर आम्ही बसू, डिसेंबरच्या थंडीत येऊन बसू, आजवर बसलोच आहोत. पण काहीतरी बांधलं जातंय हे दिसू द्या.

२४ एप्रिलला ग्रीन बे मध्ये ड्राफ्ट सुरू होतोय. तिसऱ्या नंबरला कोणाचं नाव द्यायचं हे त्या नव्या माणसाने ठरवलेलं असावं, आणि त्याला तयारीला निदान दोन महिने मिळायचे असतील तर त्याला शोधायला तुमच्याकडे फेब्रुवारीअखेरपर्यंतच वेळ आहे. कृपया लागा कामाला.

आपला,
एडिसनचा एक जायन्ट्स फॅन